जपान आपल्यातलं

माझ्या भाचीचं लग्न जपानी मुलाशी ठरणार की नाही, हे आमच्या आसगावच्या घरात एकाच प्रश्नावर अडलं होतं. मुलगा आपल्यातला आहे काय?

प्रश्न मोठेबाबांचा होता. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेले, भाऊजीही तरुणपणीच गेले आणि बहीण लहानग्या भाचीला घेऊन माहेरी परत आली. तेव्हापासून त्या पोरीचं नाक पुसण्यापासून कॉलेजात नाव घालण्यापर्यंत सगळं मोठेबाबांनी केलं. ती शिकली, पुण्याला नोकरीला लागली, कंपनीनं तिला जपानला पाठवलं आणि तिथं तिला हा मुलगा भेटला. त्या दोघांनी परस्पर लग्न केलं असतं तर आम्ही कोण अडवणार होतो? पण भाचीनं फोनवर सांगून टाकलं होतं, ‘मोठेबाबा नाही म्हनाले तं मी नाही करत.’ ही पोरगी बोलते तसं करते. म्हणून आमच्या बहिणीची झोप उडाली होती.

तोड बहिणीलाच सुचली. एका सकाळी मोठेबाबा चहा बशीत ओतून घेत होते, तेव्हा ती समोर जाऊन बसली आणि म्हणाली, ‘मोठेबाबा, जपान कोनाचा देश आहे, सांगा बरं.’

‘कोनाचा म्हंजे?’

‘बुद्धाचा ना. मंग पोरगा कोन झाला?’

मोठेबाबांनी बशी खाली ठेवली. मी तिथंच होतो. माणसाच्या चेहऱ्यावर ऊन पडतं म्हणतात तसं काहीतरी झालं. ‘आपल्यातलाच झाला म्हना की,’ ते हळूच म्हणाले. आम्हीही सगळे मान हलवत राहिलो, कारण आम्हाला ते खरंच पटलं होतं. इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

यात मोठेबाबांची बाजू सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला ते उगाच हेकट वाटतील. आजोबांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला तेव्हा मोठेबाबा त्यांच्या खांद्यावर होते. पुढे शाळेत त्यांना कुठं बसवायचे आणि पाणी कसं द्यायचे, ते त्यांनी आम्हाला फारसं सांगितलं नाही. पण एक सांगायचे. वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि त्यात गुरुजींनी कधीतरी बुद्ध मानणारे देश दाखवले होते. तेव्हापासून त्यांच्या मनात हिशेब पक्का बसला. गावात आपली घरं मोजकी असतील, तालुक्यातही मोजकीच, पण समुद्रापलीकडं देशच्या देश आपले आहेत. कोणी पाणउतारा केला की ते मनातल्या मनात त्या नकाशाकडं बघायचे. मोठं झाल्यावरही बघत असावेत. घरातल्या पोरी ‘बाहेर’ द्यायच्या नाहीत, हा त्यांचा दंडक. माझ्या एका चुलतबहिणीसाठी आलेलं नागपूरचं चांगलं स्थळ त्यांनी त्यापायीच मोडलं होतं. आणि ‘बाहेर’ या शब्दाची हद्दही त्यांची स्वतःची होती. जिल्हा फुटला आणि बहिणीचं सासर गोंदियाकडं गेलं. गाव जागचं हललं नाही, तिथली शेताच्या धुऱ्यावरची बाभूळसुद्धा हलली नाही, पण मोठेबाबा त्या दिवसापासून त्या गावाला परमुलूख म्हणायला लागले. तर आता गोंदिया बाहेरचं आणि जपान घरचं, असा आमच्या घराचा भूगोल झाला.

मुलगा आणि त्याचे आईवडील भातकापणीनंतर येणार, भाची त्याआधी घरी पोचणार, असं कळलं. त्याच दिवशी बोलणी करून साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायची होती. अडचण एवढीच की मुलाच्या वडिलांचंही मन अजून डळमळत होतं. हे कसले लोक, कसला देश, ते बघितल्याशिवाय मी बोलणार नाही, असं ते मुलाला म्हणाले होते. त्यांना आपला देश नीट समजावून सांगायचा होता. कोणी? भाचीला जपानी येतं, तिनं सांगितलं असतं तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, म्हणाली, ‘नवरीनं सोताच्या लग्नाचं भाषांतर कराचं नसते.’ असा नियम मी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. मात्र तो निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरीला. माझं इंग्रजी रजेचा अर्ज करण्यापुरतं आणि वरून आलेलं पत्र वाचून घाबरण्यापुरतं. तरी घरात ते सगळ्यात मोठं इंग्रजी होतं. ठरलं असं की मी इंग्रजीत बोलायचं, मुलानं ते जपानीत सांगायचं.

मग मी कालव्याच्या पाळीवरून फिरताना देशाची तयारी करायला लागलो. गेटापाशी उभं राहून पाण्याला सांगायचो, आमचा देश फार मोठा आहे. पाणी पुढं निघून जायचं. दुसरं वाक्य सुचायचं नाही. वाघ, मोर, कमळ आठवायचं, पण कमळ सांगितलं की मतांचं बोलतो की फुलाचं, अशी शंका. आमच्याकडं सगळे गुण्यागोविंदानं राहतात, हे वाक्य मी एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि इकडंतिकडं कोणी ऐकलं नाही ना, ते बघितलं. राज्याचं सांगावं म्हटलं तर आजोबांच्या जमिनीचे कागद हिंदीत, कारण तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात. आजोबा आपले त्याच बांधावर बसून होते. ऑफिसातल्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘ताजमहालचं सांग ना, संपलं.’ मी ताजमहाल पाहिलेला नाही. बायको म्हणाली, ‘देशाचं राहू द्या, तुमी आधी बनियनवर दारात उभं राहनं बंद करा.’

पाहुणे आले ते नागपूरहून भाड्याच्या गाडीनं. मुलगा उंच, चष्मा लावलेला, घामाघूम. आई बारीक चणीची, अंगात भाचीनं पाठवलेला कुर्ता. वडील गोल चेहऱ्याचे, कपाळ मोठं, आणि सारखे लवणारे. दारातच पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. त्यांनी मोजे काढून, नीट घडी करून खिशात ठेवले आणि मग पाय धुतले. मोठेबाबांनी हात जोडून ‘जयभीम’ म्हटलं. ते कमरेत वाकले. मोठेबाबा आणखी वाकले. ते त्याहून वाकले. असं ते किती वेळ चाललं असतं सांगता येत नाही, पण मोठेबाबांची कंबर धरली.

‘मानूस कसा वाकते पाहा,’ बहीण माझ्या कानाशी पुटपुटली. ‘आहे ना आपल्यातला?’

तेवढ्यात शेजारची काकू कुंपणापलीकडून आली. ती कुणब्यांच्या घरची, आमच्या घराला लागून तिचं घर. तिनं पाहुण्यांना ‘रामराम’ घातला. जपानी बाबांनी मुलाला काहीतरी विचारलं आणि मुलानं मला. इथं नमस्काराचे दोन शब्द ऐकू आले, त्यातला भारतीय कोणता?

‘दोन्ही,’ मी म्हणालो.

‘मग कोणाला कोणता म्हणायचा?’

‘समोर कोण आहे त्यावर.’

‘ते कोण आहेत, हे कसं ओळखायचं?’

मी तोंड उघडलं. कसं ओळखायचं हे मला पक्कं माहीत आहे. माझ्या नोकरीची सगळी वर्षं मी ते क्षणात ओळखत आलो आणि समोरच्यानंही मला ओळखलं आहे. पण ते इंग्रजीत सांगायला बसलो तर एक शब्द सापडेना. ‘ओळखू येतं,’ मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि सुरक्षित उपाय म्हणून पुढं सगळ्यांना नुसतंच वाकायचं ठरवलं. गाडीच्या ड्रायव्हरलाही वाकले. आमच्या गाईसमोरही थोडे वाकल्यासारखं वाटलं, पण ते कदाचित बूट शोधत असतील.

घरात भिंतीवर दोन तसबिरी. एक बुद्धाची, ती त्यांनी ओळखली. दुसरी निळ्या कोटातल्या, चष्म्यातल्या माणसाची. हे कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मी घसा साफ केला. आता इथं देशाची घटना सांगावी, तळं सांगावं, नागपूर सांगावं, कुठून धरावं, या गोंधळात मी असताना मोठेबाबा म्हणाले, ‘कायले एवढा इचार करून राहिला गा? बाप आहे म्हन.’

मी म्हणालो, फादर. मुलानं तसंच सांगितलं. जपानी बाबांनी तसबिरीकडं पाहिलं, मग मोठेबाबांकडं पाहिलं, आणि गंभीरपणे काही बोलले.

‘कपाळ सारखं आहे, असं म्हणतात,’ मुलगा म्हणाला.

मी ते मराठीत केलं. मोठेबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती मग पाहुणे जाईपर्यंत डोक्यावर घातली नाही. त्या घडीला साक्षगंधच काय, लग्नसुद्धा लागून गेलं असतं.

मग आमच्या रीतीप्रमाणे सुरुवातीला त्रिशरण-पंचशील म्हणायचं होतं. चार घरची माणसं आली होती, सगळे उभे राहिले, हात जोडले. आम्ही एका सुरात म्हणायला लागलो. पाहुणे उभे होते, हात जोडलेले, पण ओठ मिटलेले. मोठेबाबा डोळे मिटून म्हणतात. त्या दिवशी त्यांनी मध्येच डोळे उघडले. शेवटपर्यंत उघडे ठेवले.

बसल्यावर त्यांनी मला सांगितलं, ‘इचार त्यायले, तिकडं वेगळं म्हनतात काय?’

मी विचारलं. मुलानं ते वडिलांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, जरा लांबवूनच सांगितलं, जणू उत्तरही त्यातच भरून दिलं. वडिलांनी मुलाकडं पाहिलं. मग मांडीवर हात ठेवून ते शांतपणे बोलत राहिले आणि मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.

‘बाबा म्हणतात,’ मुलगा मला म्हणाला, ‘आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की बुद्धाच्या देवळातल्या पुजाऱ्याला बोलावतात. नववर्षाला दुसऱ्या देवळात जातात, ते बुद्धाचं नसतं. आईबाबांचं लग्न हॉटेलातल्या चर्चसारख्या खोलीत झालं, पांढऱ्या झग्यात. पण ते ख्रिश्चन नाहीत.’

‘मग तुमचे बाबा स्वतः काय आहेत?’ हे मी मोठेबाबांनी न सांगताच विचारलं. विचारायला नको होतं.

उत्तर छोटं आलं. ‘बाबा म्हणतात, विशेष काही नाही.’

बहिणीनं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं असं पाहिलं की मला तिचं लहानपण आठवलं, तेव्हा ती चिमटे काढायची. मोठेबाबा वाट पाहत होते. माझ्या तोंडात दोन उत्तरं होती. एक जे ऐकलं ते, आणि एक जे घरात हवं होतं ते. मी गुंतागुंतीचं काहीतरी बोलायला लागलो, म्हणजे तिकडं पद्धत अशी आहे, तशी आहे, मयतीला भंते येतात, पण नववर्ष म्हणजे, आणि लग्न म्हणजे चर्च नाही पण चर्चसारखं. माझंच मला कळेना. मोठेबाबांनी हात वर केला.

‘सरळ सांग. शरण जातात काय नाही जात?’

‘नाही जात, मोठेबाबा. विशेष काही नाही म्हणतात ते.’

‘विशेष काही नाही,’ मोठेबाबा म्हणाले. जणू जिभेवर ठेवून चव बघत होते.

तेवढ्यात जपानी बाबांना वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी विचारलं, तुम्ही भारतीय. मी इथं येण्याआधी भारताबद्दल वाचून आलो, त्यात सगळं हिंदूंचं होतं, सण, देऊळ, लग्न. तुमच्या घरात त्यातलं काही दिसत नाही. मग भारतीय म्हणजे काय, ते मला समजून घ्यायचं आहे.

हीच ती घडी. माझी कालव्यावरची सगळी तयारी याच्यासाठी होती. मी म्हणालो, आमचा देश फार मोठा आहे. मुलानं भाषांतर केलं. वडिलांनी मान डोलावली आणि वाट पाहिली. मी पुढं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत काय बोललो, ते मला आज जुळवून सांगता येत नाही. आम्ही इथलेच, पण आम्ही हिंदू नाही, आधी होतो म्हणतात, पण देवळात घेत नव्हते म्हणजे होतो की नव्हतो कोणास ठाऊक. आमची काकू हिंदू, ती भारतीय, आम्हीही भारतीय, पण ती आणि आम्ही एकाच पंगतीला नुकते नुकते बसायला लागलो. काकू मध्येच म्हणाली, ‘मी तं कवाचीच बसतो बापा, माह्या सासूचं वेगळं होतं.’ कोणी म्हणालं, क्रिकेटचं सांग. कोणी म्हणालं, पुस्तकातली प्रतिज्ञा सांग. मी प्रतिज्ञा सुरू केली, सारे भारतीय माझे बांधव आहेत, आणि बांधव इथवर येऊन अडलो, कारण मुलानं विचारलं, बांधव म्हणजे सख्खे का? मग त्यांच्यात लग्नं होतात का? मी तो प्रश्न मोठ्यानं मराठीत केला.

‘नाही होत,’ बहीण दारातूनच म्हणाली. ‘तोच तं सारा लफडा आहे.’

मी त्याचं भाषांतर केलं नाही. मुलाची आई हसली. तिला काय कळलं, देव जाणे, म्हणजे आमच्या घरात असं म्हणत नाहीत, पण तोंडात येतं.

या गडबडीत मोठेबाबा उठून बाहेर गेले, हे आधी माझ्या बायकोनं पाहिलं. तिनं मला ढोसलं. ‘जा ना. भारत नंतर सांगजा.’

ते मागं खळ्यावर होते. धानाचं पुंजणं रचून ठेवलेलं होतं, मळणी व्हायची होती. त्याला पाठ टेकून, बिनटोपीचे, ते उभे होते. मी जवळ गेलो तरी पाहिलं नाही.

‘मंग तिकडं कोन आहे रे?’ ते म्हणाले.

‘म्हणजे?’

‘म्हंजे आपलं कोन आहे? मले वाटत होतं, इथं आपन थोडे, पन तिकडं पुरा देश आहे. हा मानूस म्हनते विशेष काही नाही. आमाले ज्याच्यासाठी लोकायनं गावात उभं राहू देल्लं नाही, ते याच्यासाठी विशेष काही नाही.’

मी म्हणालो, असेल तिथं काहींचं विशेष. एवढ्या मोठ्या देशात असतील की. बोलताना मला माझाच आवाज कालव्यावरच्यासारखा वाटला.

‘पोरगी कोनाले द्याची मंग मी? बाहेर द्याची काय?’

मागं पाचोळ्यात पावलं वाजली. जपानी बाबा होते. एकटेच आले होते, अनवाणी, पँट घोट्यावर दुमडलेली. धानाच्या धसकटांवरून ते इतके जपून पाय टाकत होते की मोठेबाबांनी नकळत हात पुढं केला. त्यांनी तो धरला आणि मग सोडायचा कधी, हे दोघांनाही कळेना. तसेच उभे राहिले.

आता कळलं की त्यांनाही इंग्रजी येतं. माझ्याइतकंच. दोन मोडक्या सायकली शेजारून चालाव्यात तशी आमची बोलणी चालली. ते म्हणाले, मुलानं मला सांगितलं होतं, बौद्ध आहे म्हणा. खोटंही नव्हतं ते, आमच्या घराण्याची थडगी देवळातच आहेत. म्हणायचं ठरवूनच आलो होतो. पण तुम्ही सगळे उभे राहिलात, ते शब्द एकत्र म्हणालात, आणि तुमच्या या वडीलधाऱ्या माणसाचा आवाज मी ऐकला. मग मला तसं सांगता येईना.

मी हे मोठेबाबांना सांगितलं. ते पुंजण्यातली एक काडी ओढत राहिले.

‘इचार त्यायले,’ मग ते म्हणाले. ‘तिकडं मानूस भेटला की आडनाव इचारतात काय?’

मी विचारलं. ते म्हणाले, हो, आमच्याकडं आधी आडनावच सांगतात. कित्येकदा तेवढंच.

मोठेबाबांचा चेहरा मिटला. आमच्याकडं आडनाव का विचारतात, ते सांगायची गरज नाही. मी स्वतः नोकरीत नवा असताना चहाच्या टपरीवर नुसतं पहिलं नाव सांगायचो, आणि समोरचा म्हणायचा, पूर्ण सांगा ना. ‘अन् आडनावावरून काय समजते तिकडं?’ मोठेबाबांनी विचारलं.

जपानी बाबांना प्रश्न कळला नाही. मी वेगळ्या शब्दांत विचारला. ते विचारात पडले. माझ्या आडनावाचा अर्थ शेताच्या मधला असा काहीतरी आहे, म्हणाले, पण आमच्याकडं शेत कधीच नव्हतं. त्यावरून काही समजत नाही. हाक मारायला असतं.

मोठेबाबांचा चेहरा उघडायला लागला होता. पण तो माणूस थांबला नाही. खरं बोलण्याची त्याला सवयच असावी. तो म्हणाला, काही लोकांच्या बाबतीत मात्र पूर्वी गाव विचारत. कोणत्या वस्तीतले, हे लग्नाआधी शोधून काढत. माझ्या वडिलांच्या वेळेला होतं. अजूनही कुठं कुठं आहे म्हणतात. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मी सांगितलं. काडी ओढणारा हात थांबला. ‘हे त्यातले आहेत काय?’

नाही, ते म्हणाले. आम्ही त्यातले नाही.

‘म्हंजे इचारनाऱ्यातले,’ मोठेबाबा म्हणाले. हे मी इंग्रजीत केलं नाही, पण त्या माणसाला कळलं असावं, कारण तो खाली बघायला लागला. मी मनात म्हणालो, संपलं. बुद्धाच्या देशात आमच्यासारखे शोधायला निघालो आणि सापडला तो काकूच्या सासूसारखा.

‘मंग यायनं आमच्या पोरीचं काय इचारलं? कोनत्या वस्तीतली, ते इचारलं काय?’

ते म्हणाले, नाही. बायकोनं एवढंच विचारलं, कुठली आहे. मुलगा म्हणाला, भारतीय. तेवढ्यानंच आमच्या घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. त्यापुढं काही विचारायचं असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आमच्या गल्लीतही सगळे तिला तेच म्हणतात. ती भारतीय मुलगी.

मी हे तोडून तोडून सांगितलं. मोठेबाबांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

‘कोन म्हनतात? भारतीय?’

‘हो.’

‘निसती भारतीय? मांगं पुढं काही नाही?’

‘काही नाही.’

‘ते काकूची पोरगी गेली असती तं तिलेही तेच म्हनले असते?’

मी विचारलं. ते म्हणाले, हो, फरक काय आहे? आणि ते खरोखरच उत्तराची वाट पाहत माझ्याकडं बघत राहिले.

मोठेबाबांना हसू आलं की ठसका लागला, मला नक्की सांगता येत नाही. त्यांनी डोळे पुसले, पण खळ्यावर धूळ असतेच. ‘आमाले इथं आयुष्यभर कोनी निसतं भारतीय म्हटलं नाही गा,’ ते म्हणाले. ‘कोनी ना कोनी काही ना काही लावलंच मांगं. अन् पोट्टी तिकडं जाऊन फुकटात झाली.’ मग त्यांनी त्या माणसाचा हात, जो अजून त्यांच्याच हातात होता, एकदा हलवला आणि सोडला. ‘चाल. भात गार होऊन राहिला.’

घरात गेल्यावर त्यांनी उभ्यानंच सांगितलं. ‘पाव्हणे आपल्यातले नाहीत. मी खात्री करून घेतली. पन पोरगी द्याची.’

चार घरच्या माणसांना काही कळेना. एक चुलते म्हणाले, ‘आपल्यातले नाहीत तं द्याची काहून?’ मोठेबाबा म्हणाले, ‘याले इचारा,’ आणि माझ्याकडं बोट केलं. सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, लांबची गोष्ट आहे, जेवताना सांगतो. जेवताना कोणी विचारलं नाही, कारण वासाच्या चिन्नोर तांदळाचा भात आणि तळ्यातल्या मासोळीचा रस्सा होता. जपानी बाबांनी हातानं खाऊन पाहिलं आणि म्हणाले, तुमचा भात सुटा आहे, आमचा चिकट असतो, गोळा होतो. मोठीआई काळजीत पडली. ‘पोट्टीले तिकडं गिचका भात खावा लागल,’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण तर स्वयंपाकघरात आधीपासूनच रडत होती. तिला कारण नको होतं, ‘द्याची’ एवढं पुरलं होतं. भाची दारामागं उभी होती. तिनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनं सांगितलं, झालं. कसं झालं, त्याची खूण मला येत नव्हती.

साक्षगंधाची तारीख धरली. पाहुण्यांची गाडी निघाली. जपानी बाबा काचेतून वाकत वाकत गेले. इकडून मोठेबाबांनी एकदा ‘जयभीम’ म्हटलं आणि एकदा, कुंपणापाशी काकू उभी होती म्हणून की काय, नुसतेच हात जोडले. धूळ बसली तरी ते तिथंच उभे होते. मी टोपी आणून दिली. त्यांनी ती हातात फिरवली.

‘एक सांग मले,’ ते म्हणाले. ‘तू शिकलेला आहे. पोट्टी तिकडं निसती भारतीय झाली, हे चांगलं झालं. पन तिचे लेकरं होतीन, त्यायले कोनी इचारलं, तुमची आई कोन, तं ते म्हनतीन भारतीय. मंग आपन कुठं गेलो? तसबिरीतले बाबा कुठं गेले, नागपूर कुठं गेलं? ते कोन सांगन त्यायले?’

मी म्हणालो, भाची सांगेल.

‘कशात सांगन? कुठून सुरू करन?’

मला दुपारचं माझं पहिलं वाक्य आठवलं, आमचा देश फार मोठा आहे. मोठेबाबांनी फार वेळ वाट पाहिली नाही. गाईला चारा टाकायचा राहिला होता, तो टाकायला गेले.